डाव्या पायाचं कलबूत

दुकान विकलं. माळा रिकामा करताना
पोतंभर कलबुतं निघाली,
एकशे चौदा पाय. बहुतेकांची माणसं गेली.
टाचेवर वडिलांच्या हातची पेन्सिल.
शाळा दुसरीपर्यंत; ध आणि घ त्यांना एकच.
म्हणून यावर लिहिलंय : घायगुडे, डावा.

उजवा नाहीच. उजव्याला तयार बूट चालायचा.

मल्हारी धायगुडे. गाव जेजुरीच्या अलीकडचं.
शेतकी कॉलेजात आला तेव्हा शिवाजीनगर भांबुर्डा होतं
आणि फुटबॉल अनवाणी.
पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याची छाती पाहून म्हणालं,
तू मागं उभा राहा.
चार वर्षं तो मागं उभा राहिला.

मागं उभं राहणं म्हणजे काय, ते वडील सांगत,
तोंडात खिळे, त्यामुळे थांबत थांबत :
चेंडू आपला नाही हे आधी कबूल करायचं.
मग येणारा माणूस बघायचा.
कळपातनं फुटणारं मेंढरू
धायगुड्याच्या पोराला फुटायच्या आधी कळतं.
कळलं की आडवं व्हायचं.
बास.

गोल करायचा प्रभुणे.
प्रभुण्याची मिरवणूक लकडी पुलापर्यंत यायची.
त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत धायगुडे असायचा,
कुणाच्या तरी खांद्यावर वजन ठरायला हवं ना.

त्याच्या नावावर एकच गोल.
तोही आपल्याच जाळ्यात, खडकीला, गोऱ्या पलटणीविरुद्ध;
अडवायला गेला आणि गुडघ्याला लागून आत.
कॉलेजच्या अंकात तेवढं छापून आलं.
त्याच दुपारी अडवलेले अकरा
वडिलांनी बोटांवर मोजले होते, दोरीच्या बाहेर उभं राहून.
बोटं संपली, म्हणत, मग अंगठा परत वापरला.

त्याचा अंगठा गेला तोही खडकीलाच, पुढच्या वर्षी.

पलटणीच्या बुटांना तळाशी चामड्याच्या पट्ट्या,
दर पट्टीत तीन खिळे.
कॅम्पातले ते बूट दुरुस्तीला आमच्याकडे यायचे,
जोडीला चार आणे.
एखादा खिळा वर राहिला असेल.
किंवा नसेल. शंभरावर जोड होते, रात्रीची वेळ,
चिमणीत तेल कमी.
धायगुडे आडवा झाला तेव्हा जो आवाज आला
तो वडिलांच्या ओळखीचा होता.
ओली वादी तुटते तसा.
तो उठला. लंगडत जागेवर गेला. वीस मिनिटं उरली होती.
त्या वीस मिनिटांत आत कुणी गेलं नाही.

पुढं नोकरी लागली, बियाण्याच्या खात्यात.
निफाड, धुळे, परत पुणे.
साहेब झाला, मग बूट घालणं आलं.
अडतीस साली दुकानात शिरला,
आमच्याच फळकुटावर बसला, डावा पाय पुढं केला.
अंगठा वाकडा, नख नाही, बाजूला सुपारीएवढी गाठ.
वडिलांनी कागदावर पाय ठेवायला लावला,
भोवतीनं पेन्सिल फिरवली.
कशानं झालं, हे त्यांनी विचारलं नाही.
त्यानंच सांगितलं : कुणाचा तरी बूट.
वडील म्हणाले, हं.

अठ्ठावीस वर्षं जोड इथूनच गेला.
त्यानं पैसे पुरते दिले, यांनी पुरते घेतले.
कमी घेतले असते
तर त्यानं विचारलं असतं, का.

आता हातात धरून बघतो.
लाकूड सपाट आहे. गाठ वडिलांनी वरून चढवली,
चामड्याचे तुकडे एकावर एक,
घासून, पुन्हा चढवून, पुन्हा घासून.
तीन खिळ्यांवर बसवलेत.
डोकी इतकी खोल ठोकलीत
की नखाला लागत नाहीत.

भंगारवाला पोतं ओतून मोजतोय.
एकशे तेरा, म्हणतो, तुम्ही तर चौदा सांगितले होते.
मी म्हणालो, परत मोज.
तो परत मोजायला बसलाय.